टेबलावर आला तो नमुना

आम्ही ज्या रसायनाच्या मागे असतो ना, ते एकदा कुठे शिरलं की जात नाही. मातीत कुजत नाही, पाण्यात नासत नाही, उन्हानं मरत नाही. आमच्या लॅबमधल्या किश्शांचंही तसंच झालंय. हळदीकुंकवाला जा, बारशाला जा, अगदी कोणाच्या दहाव्याला जा, कोणीतरी जवळ सरकून विचारतंच, "सुजाता, ते इरल्याचं काय झालं होतं गं?" दहाव्याला हसायची सोय नसते. म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळेच सांगून टाकावेत.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना नारळीच्या वाडीला लागून एक पांढरी बैठी इमारत आहे, तीच आमची लॅब. लोकांना वाटतं इथे रक्त-लघवी तपासतात, आणि अधूनमधून कोणीतरी बाटली घेऊन येतंच. आम्ही तपासतो वस्तू. तवे, रेनकोट, पिझ्झ्याचे खोके, लिपस्टिक, गालिचे. ज्याला पाणी, तेल, डाग काही म्हणजे काही चिकटत नाही, त्यात बऱ्याचदा ते फ्लोरिनवालं रसायन असतं, आणि ते अंगात साठत जाणं बरं नाही. कशात किती आहे ते आमचं मशीन सांगतं. मशीन माझ्या ताब्यात.

आम्ही माणसं चार. मी. दळवी सर, आमचे प्रमुख, जितके हुशार तितकेच घाबरट. कमळामावशी, कोळीवाड्यातल्या, साफसफाई आणि चहा त्यांच्याकडे. आणि नाना. नानांचं चौलला शिलाईचं दुकान होतं, ते रेडिमेडनं खाल्लं. सरांना कापडाचे अगदी सारखे तुकडे करणारा माणूस हवा होता. नाना कामावर आले त्या दिवशी म्हणाले, "आयुष्यभर जोडलं, आता तोडतो." त्या दिवसापासून ते थांबलेले नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते. आमचं मुख्य ऑफिस ठाण्याला, आणि त्यांना हे अलिबागचं बिऱ्हाड पहिल्यापासून डोळ्यांत खुपतं. मशीन उचलून ठाण्याला न्यायला ते निमित्तच शोधत असतात. मशीन गेलं की लॅब बंद, आणि मी परत मुंबईच्या नोकरीसाठी मांडव्याच्या बोटीवर. ती बोट मी कितीतरी वर्षं केलीय. माझी पोरगी रांगायला लागली ते मला फोनवर कळलं. परत नाही म्हणजे नाही, एवढं डोक्यात ठेवा आणि मग हसा.

*

आता इरलं. लॅबच्या दारावर नियम लिहिलेत. अत्तर नको, क्रीम नको, कपडे सुती आणि पुष्कळदा धुतलेले. कारण उघड आहे, आपल्याच अंगावरचं रसायन नमुन्यात गेलं तर मशीन काय डोंबल सांगणार? त्यातला सगळ्यात जाचक नियम, रेनकोट नको. आमच्याकडे पाऊस पडत नाही हो, राहायला येतो. मी म्हटलं, "सर, साधं प्लॅस्टिक चालतं ना?" सर म्हणाले, "चालतं. पण ते साधंच आहे असं लेबलवर लिहिणाऱ्यावर तुझा विश्वास आहे?"

मग सर कुठल्यातरी आतल्या गावात गेले आणि एका म्हाताऱ्याकडून चार इरली विणून घेऊन आले. बांबू आणि पानांची, भात लावताना पाठीवर घ्यायची. इरलं हे वाकलेल्या माणसासाठी असतं. सर ते घालून स्कूटरवर ताठ बसायचे, वारा आत शिरायचा आणि स्कूटर समुद्राकडे ओढ घ्यायची.

नाक्यावर हवालदारानं अडवलं. "हेल्मेट कुठाय?"

"आत आहे."

"आणि हे वर काय?"

झालं. सरांनी भर पावसात त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याच्या अंगावरच्या रेनकोटात काय असू शकतं, ते पावसाबरोबर कुठे जातं, सगळं. बिचारा दुसऱ्या दिवशी रेनकोट सोडून छत्री घेऊन उभा राहिला. सरांनी स्कूटर थांबवून सांगितलं, "छत्रीलाही कोटिंग असतं." त्यानंतर सरांचं इरलं लांबून दिसलं की तो हवालदार पाठ फिरवून चहाच्या टपरीत जातो. सर हेल्मेट विसरले तरी अडवत नाही.

*

बाजारपेठेतले शांतिभाई भांडेवाले एकदा नवाकोरा तवा घेऊन आले. नॉनस्टिक. गिऱ्हाइकं हल्ली विचारतात, म्हणून त्यांना "काही नाही" असं आमच्याकडून लिहून हवं होतं. त्यांनी तवा नानांच्या टेबलावर ठेवला आणि माझ्याशी बोलत बसले. नानांनी तवा शिकंज्यात धरला, करवत घेतली आणि मधोमध कापला.

शांतिभाई उडालेच. "अरे, आ शुं कर्यु? तपासायला दिलेला, कापायला नाय!"

नाना शांत. "टेबलावर आला तो नमुना. टेबलाच्या तिकडं होता तवर तवा होता."

"ठीक, एक भाग तपासा. बीजो मला द्या."

"तो राखीव. उद्या कोणी रिपोर्ट खोटा म्हणालं तर परत तपासायला नको?"

"मग मला काय?"

"तुम्हाला रिपोर्ट."

शांतिभाईंचा चेहरा बघून नानांनाही थोडं वाईट वाटलं असावं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, तव्याचा दांडा सोडवला, पुसला आणि त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "दांडा तपासत न्हाय आपण." शांतिभाई दांडा घेऊन दुकानात गेले. अजून तो गल्ल्यामागे टांगलेला आहे, कोणी नॉनस्टिकबद्दल विचारलं की ते नुसतं बोट दाखवतात.

*

तर प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग असा राखीव ठेवायचा असतो, सील करून, कपाटात. आमच्या कपाटात अर्धे तवे, अर्ध्या छत्र्या, अर्धे बूट, लांबीनं कापलेलं अर्धं सोफ्याचं कव्हर, असला सगळा संसार होता. दिवाळीच्या साफसफाईत कमळामावशींनी ते कपाट उघडलं आणि भंगारवाल्याला हाक मारली.

मी नंतर डोक्याला हात लावून बसले तर मलाच म्हणतात, "अर्ध्या तव्यावर कोन भाकरी भाजतंय, मॅडम? एका पायाचा बूट कोन घालतंय? मी म्हटला तुमी लाजता टाकायला, म्हनून मीच टाकला."

नेमके त्याच आठवड्यात तपासणीला निरीक्षक आले. नागपूरचे देशकर साहेब. उंच, सडपातळ, हसायचं नाही असं ठरवून जन्मलेले. लॅबला मान्यता द्यायची की काढायची ते यांच्या हातात. त्यांनी कपाट उघडलं. आत नवा कागद अंथरलेला, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या, बाकी लख्ख. ते बराच वेळ त्या गोळ्यांकडे पाहत राहिले आणि मग लिहिलं, "राखीव नमुने: नाहीत."

ठाण्याहून फोन आला. पुढच्या तपासणीत हाच शेरा आला तर मशीन ठाण्याला. सर त्या दिवशी जेवले नाहीत. मी घरी जाऊन मुलीला उगाचच जवळ घेऊन बसले. ती म्हणाली, "आई, काय झालं ते तरी सांग, नाहीतर सोड, मला अभ्यास आहे." नानांनी कपाटाला कुलूप घातलं आणि चावी कडदोऱ्याला बांधली. आजही कपाट उघडायचं असलं की नाना शर्ट वर करतात आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघतो.

*

श्रीवर्धनहून एक पार्लरवाल्या ताई आल्या, शिल्पाताई. लग्नाचा सीझन होता, नवी लिपस्टिक आणली होती, तपासून हवी होती. बाईला काळजी होती ह्याचं मला फार कौतुक वाटलं. रिपोर्ट वाईट आला. मी त्यांना समोर बसवून नीट सांगितलं, "ताई, हे रसायन कायमचं असतं. एकदा आलं की जात नाही. पाण्यानं नाही, तेलानं नाही."

ताई गंभीर झाल्या. "म्हणजे जेवणाच्या पंगतीतही नाही?"

"नाही हो, कशानंच नाही."

"आणि नवरी रडली तरी?"

मी म्हटलं, "ताई, ते वाईट आहे." त्या म्हणाल्या, "हो हो, कळलं मला," आणि लगबगीनं निघून गेल्या. काही दिवसांनी सर कामासाठी श्रीवर्धनला गेले तर पार्लरवर हा एवढा फ्लेक्स. "लॅबने सिद्ध केलेली लिपस्टिक. कशानंच जात नाही!" खाली आमचा पत्ता. सर स्टुलावर चढून फ्लेक्स काढत होते तेव्हा खाली तीन नवरीमुलींच्या आया लिपस्टिक मागायला उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं सरांना विचारलं, "संपली का?"

*

मशीन चालवायच्या आधी आम्ही कोरा नमुना टाकतो. म्हणजे नुसतं द्रावण, त्यात काहीच नसलेलं. त्यावर मशीननं शून्य दाखवलं पाहिजे. एका पावसाळ्यात ते शून्य दाखवेना. म्हणजे आमच्यातलंच कोणीतरी ते रसायन आत आणत होतं. वातावरण असं झालं की कोणी कोणाच्या शेजारी बसेना.

सरांनी शास्त्रीय तोडगा काढला. रोज एकानं घरी राहायचं. ज्याच्या गैरहजेरीत शून्य येईल तो दोषी. मी राहिले, काही फरक नाही. नाना राहिले, नाही. सर स्वतः राहिले, नाही, पण दिवस छान गेला. मावशी राहिल्या आणि शून्य आलं.

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या तर आम्ही तिघं ओळीनं उभे. "मावशी, तुम्ही केसांना काय लावता? साडी कुठली?" मावशी असल्या भडकल्या! "काल मी न्हवती तर भजी आनली कोनी?" आणि मग सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. कोणीच आणली नव्हती. पावसाळाभर मावशी नाक्यावरून गरम भजी आणायच्या, त्या तेल न झिरपणाऱ्या गुळगुळीत कागदात. आम्ही ती खायचो, हात शर्टाला पुसायचो आणि आत जायचो. सगळ्यात जास्त सर खायचे.

भजी बंद करा म्हणायची हिंमत सरांचीही झाली नाही. आता भजी केळीच्या पानात येतात, आणि मशीन शून्य दाखवतं. मावशींनी मात्र आरोपाबद्दल माफी मागितली नाही तर चहा बंद, असं सांगितलं. सरांनी माफी मागितली. मग म्हणाल्या, "आता ती एक दिवसाची रजा पन परत टाका माझ्या खात्यात. ती मी घेतली न्हवती, तुमी दिलेली."

*

किहीमला बंगला असलेल्या एक मुंबईच्या बाई गाडीभर सामान घेऊन आल्या, स्वयंपाकघरापासून बाथरूमच्या पडद्यापर्यंत. बरोबर त्यांचा कुत्रा, आणि कुत्र्याला पिवळा रेनकोट. बाई म्हणाल्या, "याचाही तपासा, हा सारखा चाटतो तो." आणि उचलून कुत्रा टेबलावर ठेवला.

आम्ही सगळे नानांकडे पाहायला लागलो. नानांच्या हातात कात्री होती. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, कुत्र्यानं त्यांच्याकडे. शेवटी नाना म्हणाले, "नमुना अंगावरून काढून द्या. आतला माल पार्टीचा." मग त्यांनी सवयीनं टेप काढून कुत्र्याची छाती मोजली, रेनकोट पाठीच्या शिवणीवर उभा कापला, उजवी बाजू मला दिली आणि डावी पिशवीत सील केली. शिंप्याची शिस्त. डावं कायम राखीव. रात्री भर झोपेत विचारलं तरी हेच सांगतील.

*

आणि मग परत तपासणी आली. आदल्या दिवसापासून नुसता मुसळधार. देशकर साहेब रो-रो बोटीनं मांडव्याला उतरून टॅक्सीनं आले, तेव्हा नाक्याच्या पुढे रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. सरांनी पहिल्यांदा नेऊन कपाट दाखवलं. भरलेलं. सील, सह्या, सगळं जागच्या जागी. सरांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

साहेब म्हणाले, "हे ठीक आहे. पण हे माझ्यासाठी मांडून ठेवलेलं नसेल कशावरून? आज आलेला एक नमुना मला दाखवा. तो टेबलावर आल्यापासून त्याचा राखीव भाग कपाटात जाईपर्यंत. सगळं झालेलं दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "साहेब, आज पाऊस आहे, अजून कोणी आलं नाहीये."

"मग थांबू या."

मावशी लगेच पदराला हात लावून म्हणाल्या, "माझा पदर घ्या." साहेब म्हणाले, "स्टाफची वस्तू चालणार नाही. नमुना बाहेरच्या माणसाचा पाहिजे. मी जाईपर्यंत आला नाही, तर हा मुद्दा अपूर्ण."

अपूर्ण म्हणजे ठाणे. मला त्या क्षणी बोटीच्या इंजिनाचा वास आला, खोटं नाही सांगत. सरांनी गुपचूप शांतिभाईंना फोन लावला, "काहीही घेऊन या, उलथनं आणा." शांतिभाईंनी सरांचा आवाज ओळखून फोन ठेवला. शिल्पाताई श्रीवर्धनला. कुत्रेवाल्या बाई मुंबईला. मी खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर नुसतं पाणी.

दुपार झाली. साहेब म्हणाले, "तोवर मशीनची खोली बघतो." सरांनी चाचरत दारावरचे नियम दाखवले. आता साहेब हा माणूस स्वतःलाही सोडणारा नाही, हे मानलं पाहिजे. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली. मग आपल्या पॅन्टचा कमरेचा पट्टा उलटा करून आतलं लेबल वाचलं. "डाग पडत नाही, असं लिहिलंय. म्हणजे ही आत चालणार नाही."

पाहुण्यांसाठी आमच्याकडे जुने सुती कपडे असतात. मावशींनी आणून दिलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले. साहेब आडोशाला गेले आणि निळ्या चौकड्यांची लुंगी गुंडाळून बाहेर आले. हातात पॅन्ट, व्यवस्थित घडी केलेली. खुंट्या चार, चारींवर चार इरली निथळत होती. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि पॅन्ट नानांच्या टेबलावर ठेवली.

नाना चहा पीत होते.

आम्ही आत गेलो. साहेबांनी मशीनचं सगळं बघितलं, मी त्यांच्यासमोर कोरा नमुना टाकला. शून्य. दुसरा टाकला. शून्य. ते मान हलवत होते, प्रश्न विचारत होते, लुंगी सावरत होते. मला वाटत होतं हे असंच चालू राहावं आणि बाहेर जायची वेळच येऊ नये. पण आली.

बाहेर आलो तर नाना टेबल पुसत होते. टेबलावर एका ताटलीत राखाडी कापडाचे छोटे छोटे चौकोन, एकाच मापाचे, ओळीनं. सरांनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्चीचा हात धरला. साहेबांना कळायला जरा वेळ लागला.

"माझी पॅन्ट?"

नाना म्हणाले, "शिलाई कच्ची होती. कापड बरं हाय."

फक्त इरल्यांचं पाणी ठिबकत होतं. मावशी हळूच चहाचा कप घेऊन मागे सरकल्या. संपलं, असं मला स्वच्छ वाटलं. नानांनी शर्ट वर केला, कडदोऱ्याची चावी काढली, कपाट उघडलं आणि एक पिशवी आणून साहेबांपुढे धरली. सील, तारीख, वेळ, सही.

"उजवा पाय तपासणीला. डावा राखीव हाय."

साहेबांनी पिशवी हातात घेतली. उजेडाकडे धरली. सील अंगठ्यानं दाबून पाहिलं. लेबल वाचलं, वर 'बाहेरील पार्टी' लिहिलेलं होतं, ते परत वाचलं. मग खुर्चीवर बसले, लुंगीच्या मांडीवर फाइल उघडली आणि त्या मुद्द्यासमोर लिहिलं, "समाधानकारक." लिहून झाल्यावर खाली सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. हसू होतं की रडू ते आजही सांगता येणार नाही. नानांना हे सगळं सुचलं होतं, की टेबलावर आला म्हणून कापला, हे मी त्यांना अनेकदा विचारलंय. ते चहा पितात.

पाणी जरा ओसरलं तशी टॅक्सी आली. साहेब बॅग घेऊन, लुंगी वर धरून, ताठ मानेनं पायऱ्या उतरले. आम्ही चौघं दारात उभे. टॅक्सीचं दार लागणार, इतक्यात नाना पावसात तसेच पुढे गेले आणि काचेवर टकटक केली.

"साहेब, लुंगी तेवढी परत पाठवा. ती नमुना न्हाय."